पाण्याच्या उलट दिशेनं: लँगॉलन कालव्यावर सहा दिवस

बाबांची सगळी नोकरी नीरा डाव्या कालव्यावर गेली. पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता. माझं लहानपण कालव्याकाठच्या क्वार्टरमधलं. घरात बोलणं असायचं ते आवर्तन कधी सुटणार, टेलच्या शेतकऱ्यांना पाणी का पोचलं नाही, कुठल्या मैलात गळती लागली, याचं. त्यामुळे २०२१ साली मी आणि निखिलनं इथे मँचेस्टरला जुनी नॅरोबोट घेतली, तेव्हा बाबांनी फोनवर बोटीबद्दल काही विचारलंच नाही. एकच प्रश्न आला : "त्या कालव्यात पाणी कुठून येतं गं?"

मला उत्तर देता आलं नाही. आपण रोज ज्या पाण्यावर बोट चालवतो ते कुठलं, हे आपल्याला ठाऊक नाही याची तेव्हा फार लाज वाटली होती. २०२३ च्या मे महिन्यात बाबा दोन महिन्यांसाठी आले, तेव्हा म्हटलं, आता उत्तर दाखवूनच देऊ. लँगॉलन कालवा वाहतो. वेल्समधल्या डी नदीचं पाणी घेऊन तो इंग्लंडमध्ये चेशरपर्यंत येतो. आम्ही चेशरच्या टोकाकडून निघून पाण्याच्या उलट दिशेनं पार उगमापर्यंत जायचं ठरवलं. अंतर साधारण ४४ मैल, २१ लॉक्स म्हणजे पाणी भरून-सोडून बोट वरखाली करणारे दारांचे चौक, आणि हातात सहा दिवस.

आधी बोटीविषयी थोडं. आमची बोट ५० फूट लांब आणि ६ फूट १० इंच रुंद. रेल्वेचा अर्धा डबा पाण्यात सोडल्यासारखी दिसते. ही रुंदी हौसेची नाही. इथल्या बऱ्याच कालव्यांवरची लॉक्स जेमतेम ७ फूट रुंद आहेत. कालवे बांधणाऱ्या जेम्स ब्रिंडली या अभियंत्यानं १७६० च्या दशकात हे माप धरलं आणि अडीचशे वर्षं त्यातच बोटी बसवाव्या लागताहेत. घेण्याआधी आम्ही बोट कोरड्या गोदीत चढवून तपासणी करून घेतली. तपासनीस हातोडीनं आणि ध्वनिलहरींच्या यंत्रानं फूटभर अंतरावर पत्र्याची जाडी मोजत गेला. बाजूचा पत्रा मुळात ६ मिलिमीटरचा, कुठे किती झिजला त्याचा नकाशाच त्यानं हातात दिला. तेव्हापासून दर दोन-तीन वर्षांनी बोट बाहेर काढून बुडाला काळा डांबरी रंग द्यायचा, चार वर्षांनी सुरक्षा प्रमाणपत्र घ्यायचं, दर वर्षी कालव्यांचा सांभाळ करणाऱ्या कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्टचा परवाना आणि विमा. बोट बाळगणं म्हणजे जुनं घर बाळगणंच, आणि आम्ही ते मनापासून करतो.

दिवस पहिला : हर्ल्स्टन ते रेनबरी

हर्ल्स्टनला मुख्य कालवा सोडून डावीकडे वळलं की समोर एकावर एक चार लॉक्स. सर्वांत खालचं लॉक शेजारच्या मातीच्या दाबानं आत सरकून अरुंद झालं होतं. जुन्या, थोड्या फुगलेल्या बोटी त्यात अडकायच्या. अलीकडेच ते नव्यानं बांधलं, म्हणून आम्ही निर्धास्त होतो.

बाबांनी लॉक कधी पाहिलं नव्हतं. निखिल बोट आत घेऊन आला, मी मागची दारं लावली, विंडलास म्हणजे इंग्रजी एल आकाराचं हँडल वरच्या दाराच्या दांड्यावर चढवलं आणि फिरवायला लागले. खट्-खट्-खट् करत दातेरी पट्टी वर सरकली, आतली झडप उघडली आणि पाणी उसळून चौकात शिरलं. चार-पाच मिनिटांत बोट आठ-नऊ फूट वर आली. दोन्हीकडचं पाणी एका पातळीला आल्यावर लाकडी दांड्याला पाठ लावून मी दार ढकललं. एवढं जड दार पाठीच्या रेट्यानं सरकतं, पण पातळी बोटभर जरी कमी असली तरी हलत नाही. बाबांनी स्वतः दुसऱ्या लॉकला विंडलास मागून घेतलं. "आमच्या गेटला असलंच हँडल होतं," म्हणाले आणि दांड्याला खूण करून दिली, "आधी अर्धीच उघड. एकदम सोडलं तर बोट मागे आपटेल." हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

वर पोचल्यावर शेजारी मोठा तलाव लागतो. कालव्याचं पाणी शेवटी त्यात पडतं आणि तिथून चेशरच्या घराघरांत प्यायला जातं. बाबा काठावर उभे राहिले, एक वाळकं पान पाण्यात टाकलं आणि ते सरकताना बघत राहिले.

"वाहतंय की."

"वाहतंय, बाबा. इंग्लंडातले बाकीचे कालवे बहुतेक साचलेले असतात. हा एक असा."

पुढे स्वॉनलीची दोन आणि बॅडिलीची तीन लॉक्स. संध्याकाळी रेनबरीला लोखंडी खुंट्या ठोकून बोट बांधली. रोज रात्री एक काम असतं : बोट ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा बोटीच्या बुडातून जिथे बाहेर जातो तिथल्या ग्रीसच्या कपाचं हँडल, हाताला विरोध लागेपर्यंत पिळायचं. नाही पिळलं तर थेंब थेंब पाणी आत येत राहतं. त्या दिवसापासून ते काम बाबांनी आपल्याकडे घेतलं.

दिवस दुसरा : रेनबरी ते ग्रिंडली ब्रुक

सकाळी बोटीत पोहे झाले. मे महिना असूनही थंडी होती, स्टोव्ह पेटवावा लागला.

लँगॉलन कालव्यावरच्या लॉक्सच्या बाजूनं जादा पाण्याला वाट काढून दिलेली असते आणि ते पाणी लॉकच्या खाली येऊन आडवं धडकतं. कालवा वाहता असल्यानं त्याला जोर फार. मॅरबरीच्या पुढच्या एका लॉकला निखिल हळूहळू शिरत होता आणि नाक नेमकं त्या लोंढ्यात सापडलं. बोट बाजूला फेकली जाऊन दगडी भिंतीवर अशी आदळली की आत चहाचं पातेलं ओट्यावरून खाली. मी पार घाबरले. बाबा काठावरून शांतपणे ओरडले, "निखिलराव, सांडव्याचं पाणी आडवं मारतंय! मागं घ्या, नि जरा जोरात या. रेंगाळू नका." पुढच्या प्रत्येक लॉकला निखिलनं लोंढा येण्याआधी थोडा वेग वाढवला आणि बोट सरळ आत गेली. इथले लोक त्याला बायवॉश म्हणतात. आमच्या बोटीवर त्या दिवसापासून त्याचं नाव सांडवाच.

ग्रिंडली ब्रुकला सहा लॉक्स, त्यातली वरची तीन एकाला एक चिकटलेली, जिन्याच्या पायऱ्यांसारखी. मधे पाणी साठवायला जागाच नाही. वरच्या चौकातलं पाणी सरळ खालच्या चौकात. चढताना खालचा चौक रिकामा आणि वरचे दोन भरलेले हवेत, क्रम चुकला तर पाणी काठावरून वाहून जातं. म्हणून तिथे ट्रस्टचे स्वयंसेवक उभे असतात. त्यांनी कुठली झडप केव्हा ते सांगितलं आणि आम्ही निमूट ऐकलं. वर पोचलो तेव्हा हात भरून आले होते.

दिवस तिसरा : व्हिक्सॉलचं दलदलीचं रान

पुढे पंधराहून जास्त मैल एकही लॉक नाही. हातानं उचलायचे लाकडी पूल मात्र मधूनमधून येतात.

याच टप्प्यात इंजिनचा आवाज अचानक बदलला आणि मागून काळा धूर. पंख्याला काहीतरी गुंडाळलं होतं. इंजिन बंद करून, किल्ली खिशात टाकून निखिलनं मागच्या फळीखालचं झाकण उघडलं आणि खांद्यापर्यंत हात थंडगार पाण्यात घातला. पाऊण तास ब्रेडच्या सुरीनं कापून कापून निळी नायलॉन दोरी आणि शेतातलं प्लॅस्टिक बाहेर काढलं. हात लाल झाले होते. झाकण परत घट्ट बसवलं ना, हे दोघांनी दोनदा तपासलं, कारण ते सैल राहिलं आणि पंखा फिरला तर पाणी आत येऊन बोट बुडते.

दुपारनंतर कालवा एकदम सरळ रेषेत धावू लागला. दोन्ही बाजूंना सपाट रान, बर्चची झाडं, पांढऱ्या कापसासारखे तुरे असलेलं गवत. हे व्हिक्सॉल मॉस. हजारो वर्षं कुजत-साठत आलेल्या शेवाळाची, स्पंजासारखी जमीन. दोनशेहून जास्त वर्षांपूर्वी यातून कालवा न्यायचा होता तेव्हा विल्यम जेसप आणि थॉमस टेलफर्ड या अभियंत्यांपुढे अडचण अशी की खणावं तर काठ खचतात आणि भराव टाकावा तर तो बुडतो. त्यांनी कालवा या दलदलीवरून अक्षरशः तरंगवत नेला. पण भराव दर वर्षी थोडा खचणार हे ठरलेलं होतं. त्यासाठी मजुरांची एक कायमची टोळी नेमली, व्हिक्सॉल मॉस गँग. जवळच्या खाणीतून चिकणमाती बोटीनं आणायची आणि काठ वर चढवत राहायचं. टोळीतले लोक बदलत गेले, काम तेच. १९६० च्या दशकात काठाला पोलादी पत्रे ठोकले तेव्हा कुठे टोळीचं काम संपलं. म्हणजे दीडशेहून अधिक वर्षं.

मी हे सांगत होते तेव्हा बाबा छतावर बसले होते. ते खाली उतरले, मला बोट काठाला घ्यायला लावली, आणि टोपाथवर म्हणजे घोड्यांच्या जुन्या वाटेवर उभं राहून टाचेनं जमीन दाबून पाहिली. जमीन किंचित हलली. मलाही पायाखाली जाणवलं.

"यांचे मैलकुली," बाबा म्हणाले.

आमच्या क्वार्टरच्या मागच्या चाळीत मैलकुली राहायचे. ज्याच्या त्याच्या वाट्याला कालव्याचा ठरलेला तुकडा. उंदराचं बीळ, खेकड्याचं भोक, बाभळीचं मूळ, काठावरची ओल, हे बघत रोज चालत जायचं. बाबा रात्री कंदील घेऊन त्यांच्याबरोबर जायचे ते मला आठवतं. पुण्यात दांडेकर पुलाजवळ २०१८ साली मुठा उजवा कालवा फुटला आणि वस्तीत पाणी घुसलं, त्या दिवशी बाबा घरी टीव्हीसमोर बसून होते आणि जेवले नव्हते. त्यांना निवृत्त होऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

"या टोळीतल्या लोकांची नावं कुठे लिहिलीत का?" त्यांनी विचारलं. मला सांगता आलं नाही. टेलफर्डचं नाव मात्र सगळीकडे आहे.

संध्याकाळी कोल मिअर आणि ब्लेक मिअर ही हिमयुगानं मागे ठेवलेली तळी कालव्याला अगदी खेटून गेली. मधे फक्त वाटेपुरता काठ. एलस्मिअरचा छोटा बोगदा ओलांडून थांबलो तेव्हा अजून उजेड होता.

दिवस चौथा : एलस्मिअर ते चर्क बँक

एलस्मिअर गावावरूनच हा कालवा बांधणाऱ्या मूळ कंपनीचं नाव होतं. १७९३ च्या कायद्यानं तिला मर्सी, डी आणि सेव्हर्न या तीन नद्या जोडायची परवानगी मिळाली. कालव्यांच्या शेअरसाठी तेव्हा इंग्लंडात झुंबड उडालेली होती. कंपनीची कचेरी असलेलं बीच हाउस अजून पाण्याकाठी उभं आहे आणि शेजारी जुनं यार्ड. इथे सुतार-लोहारांच्या हातून लॉकची दारं बनायची.

ठरलं होतं ते सगळं झालं नाही. चेस्टरकडे जाणारा मधला भाग फार खर्चिक म्हणून कधी बांधलाच नाही. मग रेल्वे आली आणि कालवा रेल्वे कंपनीच्या मालकीचा झाला. फ्रँक्टनला डावीकडे माँटगमरी कालव्याचा फाटा लागतो. १९३६ साली तिथे, जरासं खाली, काठ फुटला आणि मालकांनी तो दुरुस्तच केला नाही. १९४४ मध्ये त्यांनी संसदेकडून कायदा करून घेतला आणि लँगॉलनसह पावणेदोनशे मैलांचे कालवे वाहतुकीसाठी अधिकृतपणे सोडून दिले. माँटगमरी पुढे कोरडा पडला, काही भाग बुजला. आज स्वयंसेवक तो मैल-मैल करून परत जिवंत करताहेत.

हा कालवा मात्र बुजवता आला नाही, कारण हर्ल्स्टनला मुख्य कालव्याला त्याचं पाणी हवं होतं. १९५० च्या दशकात चेशरच्या पाणीपुरवठा मंडळाशी करार झाला आणि पाण्याच्या पैशावर कालव्याची निगा चालू राहिली. बोटींसाठी बांधलेला कालवा पाण्यानं वाचवला. बाबांना मी हे फ्रँक्टनच्या फाट्यावर, डावीकडचे ते लॉक्स दाखवत सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे हा आपल्यातलाच."

न्यू मार्टनची दोन लॉक्स, आणि एकवीस पुरी झाली.

दिवस पाचवा : दोन जलसेतू

या दिवसासाठीच खरं तर आलो होतो. चर्कचा जलसेतू १८०१ चा. दहा दगडी कमानी, खाली ७० फुटांवर केरिओग नदी, आणि शेजारी त्याहून उंच रेल्वेचा पूल. पुलाच्या एका टोकाला इंग्लंड, दुसऱ्या टोकाला वेल्स. पाणी तळाच्या लोखंडी पत्र्यावरून जातं.

लगेच चर्कचा बोगदा, ४५९ यार्डांचा. ब्रिंडलीच्या काळच्या बोगद्यांत घोड्यांची वाट नसे. घोडा डोंगरावरून न्यायचे आणि माणसं बोटीत आडवी पडून पायांनी भिंत रेटत बोट पुढे ढकलायची. इथे आतून वाट आहे. अरुंद बोगद्यात पाण्याचा जोर वाढतो, आमची बोट इंजिन गुरगुरत गोगलगाईसारखी सरकत होती. बाबा टॉर्च घेऊन वाटेवरून चालत निघाले आणि आमच्या पुढे गेले. अंधारात त्यांचा दिवा लांब लांब जाताना पाहिला आणि मला पुन्हा नीरा कालव्याचा काठ आठवला.

बोगद्यानंतरच्या एका पुलाखाली थांबलो. कमानीच्या कोपऱ्याला ओतीव लोखंडाची पट्टी बसवलेली आहे आणि तिच्यात बोट जाईल एवढ्या खोल खाचा. घोड्याच्या दोरांनी पाडलेल्या. दोर ओला आणि वाळू चिकटलेला. रोज बोटी जायच्या, प्रत्येक बोट पंचवीसेक टनांची, आणि प्रत्येक वेळी दोर त्याच जागी घासायचा. मी एका खाचेत करंगळी ठेवली. आत लोखंड आरशासारखं गुळगुळीत होतं.

आणि मग पाँटकसल्टे. ३०७ मीटर लांब, १८ खांब, नदीच्या वर १२६ फूट. खांब दगडाचे, वर लोखंडी पन्हळ. १७९५ साली काम सुरू झालं, २६ नोव्हेंबर १८०५ ला पुलावरून पहिली बोट गेली. खर्च सुमारे ४७ हजार पौंड. एवढ्या उंचीवर दगड आणि चिकणमातीचा जड कालवा पेलायला फार जाड खांब लागले असते, म्हणून लोखंडाची पन्हळ. ओतकाम विल्यम हेझलडाइनच्या भट्टीचं. पत्र्यांचे सांधे वेल्श फ्लॅनेल साखरेच्या पाकात उकळून आणि शिसं भरून बंद केले, चुन्यात बैलाचं रक्त कालवलं, असं सांगतात.

पुलावर टोपाथच्या बाजूला कठडा आहे. दुसऱ्या बाजूला काहीच नाही. पन्हळीची लोखंडी कड पाण्याच्या जेमतेम वीतभर वर, आणि तिच्यापलीकडे हवा. सुकाणू माझ्या हातात होतं. डाव्या खांद्यावरून खाली झाडांचे शेंडे, मग डी नदीचे पांढरे खडक, मग एका मैदानावर फुटबॉल खेळणारी मुंग्यांएवढी मुलं. मान वळवायची हिंमत दोनदाच झाली. बोट पन्हळीत असल्यानं कुठे जाणारही नव्हती, तरी सुकाणूवरची मूठ सुटेना.

बाबा टोपाथवरून चालत होते, माझ्या बरोबरीनं. मधोमध थांबून ते कठड्यावरून वाकले आणि पत्र्याच्या सांध्यांना डोळे लावून एक एक तपासत गेले. पाचरीच्या आकाराचे, कमानीच्या दगडांसारखे कापलेले पत्रे. टोकाला पोचल्यावर म्हणाले, "दोनशे वर्षांत गळती इतकीच? आमच्या मोरीवर रोज बादली लावायला लागायची." देखभालीसाठी कधीकधी दोन्ही टोकं बंद करून मधला डाट उपसतात आणि सगळं पाणी धबधब्यासारखं नदीत सोडतात, हे ऐकून त्यांना ते बघायचंच होतं. आमच्या नशिबात नव्हतं.

दिवस सहावा : लँगॉलन आणि उगम

पुलाच्या पुढे मुख्य कालवा ट्रेव्हरला अचानक संपतो, कारण रेक्सममार्गे चेस्टरकडे जायची ती न बांधलेली बाजू हीच. तिकडून पाणी येणार होतं तेही आलं नाही. म्हणून डोंगराच्या कडेनं एक पाट खणून डी नदीपर्यंत नेला. आज बोटी लँगॉलनला जातात त्या या पाटातून. म्हणून तो एवढा अरुंद आणि उथळ. काही ठिकाणी दोन बोटी समोरासमोर मावत नाहीत. मी पुढे पळत जाऊन वळणावर उभी राहिले आणि कुणी येत नाही असा हात केला की निखिल निघायचा.

सन बँकजवळ ७ सप्टेंबर १९४५ च्या पहाटे हा पाट फुटला होता. खालच्या रेल्वेचा भराव वाहून गेला, रूळ हवेत लटकत राहिले आणि अंधारात टपाल-मालाची गाडी त्या खड्ड्यात कोसळली. चालक दगावला. त्यानंतरही या कडेनं त्रास दिला. आता तळाला आणि बाजूंना काँक्रीट आहे. आम्ही तिथून अगदी हळू गेलो. बाबा उताराच्या बाजूच्या काठाकडे बघत होते, ओल शोधत.

लँगॉलनच्या बंदरात दोन रात्रींची मुभा मिळते. पुढे इंजिनाच्या बोटींना बंदी आहे. १८८४ पासून घोडा ओढतो त्या पर्यटकांच्या बोटी तेवढ्या जातात. आम्ही चालत निघालो, पाऊण-एक तास. घोडा समोरून आला तेव्हा बाबा वाटेवरून अदबीनं बाजूला झाले.

हॉर्सशू फॉल्स म्हणजे टेलफर्डनं १८०८ मध्ये बांधलेला बंधारा. नदीच्या रुंदीत ४६० फुटांची मोठी चंद्रकोर. त्यावरून पाण्याचा पातळ, एकसारखा पडदा उतरतो आणि एका कडेनं मोजकं पाणी छोट्या घरासारख्या खोलीखालून पाटात वळतं. ती पाणी मोजायची जागा. दार बंद होतं.

बाबांनी आत डोकवायचा प्रयत्न केला नाही. थोडं खाली, सरळ तुकड्यावर आले. पावलांनी ३३ फूट मोजले, दोन्ही टोकांना दगड ठेवले. छत्री काठाशी पाण्यात घालून खोली पाहिली : तीन फूट. रुंदी पाटावरच्या पुलावरून अंदाजली : बारा. मग खिशातून सुकलेली काटकी काढली, पाण्याच्या मधोमध टाकली आणि मला म्हणाले, "घड्याळ लाव."

एकोणपन्नास सेकंद. पुन्हा एकदा : एक्कावन्न. तिसऱ्यांदा पन्नास.

त्यांनी डायरीत गुणाकार केला, वरच्या वेगाला ०.८५ नं गुणून. "वीस क्युसेक," ते म्हणाले. "आमच्या एका वितरिकेएवढं. बास." तारीख, वेळ, ठिकाण लिहिलं, खाली सही केली, नोकरीत करायचे तशी. मग डायरी माझ्याकडे दिली आणि स्पेलिंग विचारलं, बंधाऱ्याच्या गावाचं. लँटिसिलिओ. मी लिहून दिलं.